दोन गाड्या आणि एक साडू

मला मोटार चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपली चूक दुसऱ्यानं शोधून काढण्यापेक्षा आपण होऊन कबूल केलेली बरी, हा धडा वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसल्यावर माणूस शिकतो. आजमितीस माझी वाहनसंपत्ती म्हणजे एक स्कूटर, चेन गेलेली एक सायकल आणि लोकलचा सेकंड क्लासचा पास. तरीसुद्धा जगातल्या उत्तम मोटारी कोणत्या, याविषयी माझी मतं अत्यंत ठाम आहेत. मत असायला मोटार लागत नाही. क्रिकेटवर बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी बॅट धरलेली असते? आणि अर्थसंकल्पावर बोलणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात अर्थ असतो?

माझं मत थोडक्यात असं. सत्तरच्या दशकात युरोपात ज्या ऐसपैस, श्रीमंती, चार दारांच्या मोटारी निघाल्या, त्यांत खरं भांडण दोघींचंच. एक जर्मनीची मर्सिडीज-बेंझ ४५० एसईएल ६.९ आणि दुसरी इंग्लंडची जॅग्वार एक्सजे-१२. या दोघींत जपण्याजोगी गाडी जॅग्वार आहे. आणि ‘जपणे’ या शब्दाचा जो अर्थ हल्ली लावला जातो तो साफ चुकीचा आहे. बस्स, एवढंच म्हणणं. ज्यांना लोकल पकडायची आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

पण हे मत माझ्या साडूभाऊंना मान्य नाही, म्हणून पुढचा लेख.

साडू हे नातं मोठं चमत्कारिक आहे. भाऊ देव देतो, मित्र आपण निवडतो. साडू मात्र सासरेबुवा निवडतात. आणि निवडून झाल्यावर दोन्ही जावयांना शेजारी शेजारी पाटावर बसवून, जन्मभर त्यांची तुलना करत राहतात. आमचे साडूभाऊ थोरले जावई. पुण्यात कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, गुंतवणूक सल्लागाराचा जोरात चाललेला व्यवसाय, बोलणं मोजकं, इस्त्री कडक. सासुरवाडीत त्यांच्याविषयी बोलताना ‘भक्कम’ हा शब्द येतो. माझ्याविषयी ‘मनानं चांगला आहे’ असं म्हणतात. मर्सिडीज आणि जॅग्वार यांच्याविषयी गेली पन्नास वर्षं जगभर जे बोललं जातं ते नेमकं याच शब्दांत बोललं जातं, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. तेव्हा मी कोणत्या बाजूचा वकील आहे आणि का, हे उघड आहे.

भांडणाला तोंड फुटलं ते साडूभाऊ युरोपची टूर करून आले तेव्हा. दहा दिवसांत सात देश, रोज रात्री पोळीभाजी, अशी ती टूर. त्यातला एक दिवस श्टुटगार्टला होता आणि तिथं मर्सिडीजचं म्युझियम आहे. तिथल्या दुकानातून त्यांनी ६.९ ची एक वीतभर लांबीची प्रतिकृती आणली. रुपेरी रंगाची, दारं उघडणारी, खाली पुठ्ठा आणि वर पारदर्शक झाकण असलेल्या खोक्यातली. गणपतीला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते खोकं दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, चांदीच्या गणपतीच्या शेजारी ठेवलेलं होतं.

“काढून दाखवा की,” मी म्हणालो.

साडूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू गणपतीचं पाऊल उचलून दाखवायला सांगितलं होतं. “खोक्यातून काढली की किंमत निम्मी होते,” ते म्हणाले. “कलेक्टिबल वस्तू आहे ही.”

कलेक्टिबल! हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. मराठीत याला शब्दच नाही आणि नाही तेच बरं आहे. आपल्याकडे वस्तू वापरायच्या असतात, नाहीतर माळ्यावर टाकायच्या असतात. विकत घेऊन, न वापरता, रोज तिचा भाव विचारत बसायचं, असा तिसरा प्रकार आपल्या पूर्वजांना सुचला नव्हता.

पण आधी समोरच्या पक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. मर्सिडीज ६.९ ही थोर गाडी आहे यात वाद नाही. तिच्याआधी १९६८ साली त्यांनी ३०० एसईएल ६.३ काढली होती. म्हणजे काय केलं, तर राष्ट्राध्यक्षांना आणि नटांना विकायची जी ‘६००’ नावाची अवाढव्य गाडी होती, तिचं इंजिन उचलून धाकट्या गाडीत बसवलं. थोरल्या भावाची पँट धाकट्याला घालावी तसं. पण ती पँट अशी काही बसली, की तिची पुढची आवृत्ती काढायचं ठरलं. ती तयार होत होती तोच १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. जर्मनीत रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. अशा दिवसांत पावणेसात लिटरच्यावर इंजिन असलेली गाडी बाजारात आणणं म्हणजे दुष्काळात पंगत मांडणं. म्हणून कंपनी थांबली आणि ६.९ आली ती १९७५ मध्ये. किंमत जवळजवळ सत्तर हजार मार्क.

इंजिन ६,८३४ सीसीचं, आठ सिलिंडरचं, २८६ अश्वशक्तीचं. प्रत्येक इंजिन बाकावर चढवून तासन् तास चालवून बघायचे आणि मगच गाडीत घालायचे. स्प्रिंगांच्या जागी तेल आणि नायट्रोजन वायूचे गोळे. ही मूळ युक्ती सित्रोएन या फ्रेंच कंपनीची. जर्मनांनी ती शिस्तीत बसवली. मागच्या सीटवर चार माणसांचं वजनदार कुटुंब बसलं तरी गाडीची पाठ वाकत नाही. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेग, आणि त्या वेगात आतली माणसं शांतपणे वर्तमानपत्र वाचणार. आणखी एक गंमत: मागच्या बाजूचा ‘६.९’ हा आकडा गिऱ्हाइकाने सांगितलं तर कंपनी लावतच नसे. एवढे पैसे ओतायचे आणि ते कुणाला कळू द्यायचे नाहीत! इन्कम टॅक्सच्या भीतीनं असं करणारे लोक मी बँकेत पाहिलेत. जर्मन लोक ते अभिरुची म्हणून करतात.

आता माझी जॅग्वार.

सर विल्यम लायन्स नावाचा एक माणूस होता. शिक्षणानं इंजिनियर नव्हे, पण डोळा असा, की लाकडाचे आणि पत्र्याचे पूर्ण आकाराचे नमुने समोर उभे करायचे आणि नजरेनं रेषा दुरुस्त करत बसायचं. १९६८ ची एक्सजे ही त्यांनी घडवलेली शेवटची मोठी गाडी. पुढे १९७२ च्या जुलैत तिच्यात बारा सिलिंडरचं ५,३४३ सीसीचं इंजिन घातलं आणि एक्सजे-१२ जन्माला आली. त्याच वर्षी लायन्स निवृत्त झाले. पोरीचं लग्न लावून देऊन वानप्रस्थाला जावं तसं.

आठ आणि बारा यांतला फरक पुष्कळांना कळत नाही. साडूभाऊंनाही कळत नाही, कारण ते आकडे फक्त टक्क्यांत वाचतात. मी असं सांगतो. आठ दांडगे पैलवान मिळून एक ओझं उचलतात, ती मर्सिडीज. बारा जण एका ठेक्यात लेझीम खेळतात, ती जॅग्वार. बारा सिलिंडर साठ अंशांच्या कोनात दोन ओळींत मांडले, की एकाचा हिसका दुसरा आपसूक खोडून काढतो. इंजिन थरथरतच नाही. चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून ठरवावं लागतं.

आणि ताकद? १९७५ मध्ये जॅग्वारने कार्बुरेटर काढून पेट्रोल फवारणारी इंजेक्शनची पद्धत आणली, तेव्हा तिची अश्वशक्ती झाली २८५. मर्सिडीजची २८६. एका घोड्याचा फरक, आणि तोही दोन देशांत घोडे मोजण्याची रीत वेगळी म्हणून. दोघींचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, तीन गिअरचा. दोघी सव्वादोनशेच्या आसपास पळणार. शून्यापासून शंभरापर्यंत पोचायला दोघींनाही सात-आठ सेकंद पुरे. मात्र खुद्द इंग्लंडमध्ये एका ६.९ च्या पैशात जवळजवळ दोन जॅग्वार येत. आता तुम्हीच सांगा, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, मी काय निष्कर्ष काढायचा?

“दोन घ्याव्याच लागतात,” साडूभाऊ म्हणाले. “एक गॅरेजमध्ये असते ना!”

हा टोला मी सहन केला, कारण त्यात तथ्य होतं. जॅग्वारचे दोष मी लपवणार नाही. वकिलानं अशील भोळं आहे असं म्हणावं. निर्दोष आहे असं म्हणू नये. या गाडीला पेट्रोलच्या दोन टाक्या, मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन झाकणं, आणि कोणत्या टाकीतून प्यायचं ते ठरवायला समोर एक बटण. म्हणजे एक सेव्हिंग खातं, एक करंट. आणि लिटरला चारच्या आसपास किलोमीटर देणारी गाडी असल्यामुळे दोन्ही खाती महिनाअखेरीला असतात तशी. बॉनेटखाली उकाडा इतका, की बॅटरीला वारा घालायला वेगळा पंखा बसवलेला! इंजिनाला पंखा असतो हे आपण ऐकलं होतं, पण बॅटरीला पंखा म्हणजे लग्नात नवरदेवाच्या मामालाही घोडा. मागचे ब्रेक चाकांजवळ न ठेवता आत, मध्यभागी ठेवले. तत्त्वानं उत्तम, पण ते बदलायचे म्हणजे मेकॅनिकला गाडीच्या पोटात संसार थाटावा लागतो. विजेच्या सामानाबद्दल तर इंग्रज स्वतःच विनोद करतात. पुरवठा करणाऱ्या लुकास कंपनीला त्यांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली. त्यातून गाडी बाजारात आली त्याच उन्हाळ्यात कारखान्यात लांबलेला संप. पुढे ज्या ब्रिटिश लेलँडच्या पदराखाली जॅग्वार होती, तिचीच अवस्था अशी झाली, की १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. पत्रा गंजायचा, फटी जुळायच्या नाहीत.

हे सगळं खरं. पण मी विचारतो, अशा कारखान्यात, अशा दिवसांत, अशा साहेबांच्या हाताखाली ते बारा सिलिंडरचं इंजिन बनलं कसं? ज्याला सगळं मिळतं त्यानं उत्तम काम केलं तर ते कर्तव्य. ज्याला काहीच धड मिळत नाही त्यानं केलं तर ती कला. सरकारी बँकेत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सर्व्हर बंद, प्रिंटर रुसलेला, रांग दारापर्यंत, आणि तरी संध्याकाळी कॅश पैशाला पैसा जुळते, तेव्हा माझ्यात एक छोटीशी एक्सजे-१२ गुणगुणत असते.

यावर साडूभाऊंनी हुकमाचं पान टाकलं. “लेलूशची फिल्म पाहिलीत?”

पाहिली होती. क्लोद लेलूश या फ्रेंच दिग्दर्शकानं १९७६ च्या ऑगस्टात एका पहाटे गाडीच्या नाकावर कॅमेरा बांधला आणि झोपलेल्या पॅरिसमधून, लाल सिग्नल धुडकावत, मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत गाडी अशी हाणली, की आठ-नऊ मिनिटं बघणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. कट नाही, संवाद नाही. नुसता रस्ता आणि इंजिनाची किंकाळी.

“ती गाडी ६.९ होती!” साडूभाऊ विजयी मुद्रेनं म्हणाले. “त्याची स्वतःची!”

“होती,” मी म्हणालो. “आणि आवाज?”

साडूभाऊ गप्प झाले. कारण त्या फिल्ममधला आवाज मर्सिडीजचा नाहीच. तो मागाहून जोडलेला, फेरारीचा! म्हणजे पडद्यावर नाचणारी एक आणि गाणारी दुसरी. पार्श्वगायन! मर्सिडीज सगळं करू शकते, पण तिला गाता येत नाही. आणि फेरारीच्या त्या गाडीत किती सिलिंडर होते म्हणता? बारा. मी सासुरवाडीत एवढ्या मोठ्यानं याआधी कधीच बोललो नव्हतो. सासूबाई आतून बाहेर येऊन बघून गेल्या.

साडूभाऊ वेगाच्या मैदानातून हटले आणि स्वतःच्या मैदानात गेले, म्हणजे भावाच्या. “हे पहा, ६.९ एकूण बनल्या फक्त ७,३८०. दुर्मीळ वस्तू. आणि आज चांगल्या अवस्थेतल्या ६.९ ला तुमच्या जॅग्वारच्या कितीतरी पट भाव मिळतो. बाजार मूर्ख नसतो.”

बाजाराबद्दल मी काय बोलणार? मी बँकेत आहे. बाजार शहाणा असतो असं मानायचा आम्हांला पगार मिळतो. पण दुर्मीळपणाच मोजायचा, तर जॅग्वार या नावानं निघालेल्या पहिल्या मालिकेतल्या एक्सजे-१२ तीन हजारांच्या थोड्याच वर होत्या. म्हणजे मर्सिडीजच्या निम्म्याहून कमी. मग भाव उलटा का? कारण सोपं आहे. मर्सिडीज टिकते, तिचे सुटे भाग खुद्द कंपनी आजही पुरवते आणि सावकाराला हे आवडतं. भाव दुर्मीळपणाचा नसतो, भाव निर्धास्तपणाचा असतो. एफडीला आपण ‘निर्धास्त’ म्हणतो. एफडीवर प्रेम कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

इथे मला हिशेबतपासनिसाची टोपी घालू द्या. आम्हांला कॉलेजात घसारा शिकवला होता. आयकराच्या हिशेबात मोटारीवर दर वर्षी, उरलेल्या किमतीच्या पंधरा टक्के घसारा. या हिशेबानं शंभर रुपयांची गाडी पन्नास वर्षांनी किती उरते? तीन पैसे. मी कॅल्क्युलेटरवर पन्नास वेळा बटण दाबून पाहिलंय. तीन पैसे उरतात, पण शून्य कधीच होत नाही. ही गोष्ट मला नेहमी फार सुंदर वाटते. घसारा म्हणजे काय? वापराची नोंद. गाडी चालली, झिजली, कुणाला तरी कुठे तरी घेऊन गेली, त्याची पावती. ज्या गाडीला घसारा नाही ती गाडी कुठे गेलीच नाही.

आणि न चालवलेली गाडी जशीच्या तशी राहते, हा तर निव्वळ गैरसमज आहे. कुणाही मेकॅनिकला विचारा. उभ्या गाडीचे रबरी सील सुकून तडकतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं आणि आतून गंज धरून ब्रेक जाम होतात. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन बारीक नळ्या बुजवतं. एकाच जागी भार सोसून टायर चपटे होतात. जॅग्वारचं इंजिन ॲल्युमिनियमचं. त्यात जुनं पाणी राहिलं की ते आतून खातं. आणि साडूभाऊंच्या ६.९ चे ते नायट्रोजनचे गोळे? त्यांतलं तेल हळूहळू झिरपून जातं आणि एका सकाळी भक्कम जर्मन गाडी जमिनीवर बसलेली सापडते, म्हशीसारखी. चालणारी गाडी झिजते, न चालणारी कुजते. जपायचं म्हणजे यांतलं एक निवडायचं.

ही गोष्ट मला मोटारींमुळे कळली असं नाही. लॉकरमुळे कळली.

आमच्या शाखेत एक आजी येत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. बँकेची किल्ली लावायला काही वर्षं मी जात असे. किल्ली फिरवून मी बाहेर यायचो. एकदा पेन आत राहिलं म्हणून परत गेलो, तर आजींनी पाटल्या आणि मोहनमाळ अंगावर घातली होती आणि त्या खिडकीच्या काचेत स्वतःला बघत होत्या. मला बघून एवढ्या लाजल्या, की मीच चोरी करताना सापडल्यासारखा झालो. “घरी नेत नाही हो,” त्या म्हणाल्या. “मुलगा म्हणतो जोखीम आहे. भाव केवढा झालाय!” पाच मिनिटांनी दागिने पुन्हा डब्यात, डबा पुन्हा लॉकरमध्ये. सही करून आजी रिकाम्या हातांनी घरी. भाव वाढला होता हे खरं. पण तो वाढला म्हणूनच त्या दागिन्याचा वापर वर्षाला पाच मिनिटांवर आला होता. मी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली: ११.४० ते ११.५०. त्या नोंदीइतकी उदास नोंद मी दुसरी केलेली नाही.

युरोपात निदान कायदा तरी शहाणा आहे. जर्मनीत तीस वर्षं झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची वेगळी नंबरप्लेट मिळते, आणि ती लावून गाडी खुशाल फिरवता येते. इंग्लंडात चाळिशी ओलांडलेल्या जुन्या गाडीला रोड टॅक्स माफ आणि वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. म्हणजे वय झालं, आता हिला त्रास देऊ नका, फिरू द्या. (आमच्या शाखेतल्या चाळिशी ओलांडलेल्यांना हा नियम लागू करावा, अशी माझी युनियनला सूचना आहे.) आपल्याकडे २०२१ मध्ये नियम झाले. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पण चालवायची कधी? प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला. रोजच्या कामाला नाही.

“मग जॅग्वारला काय अडचण आहे?” साडूभाऊ म्हणाले. “पेट्रोल पंप आणि गॅरेज याखेरीज ती जाते कुठे?”

ही फेरी त्यांची झाली, हे मी मान्य करतो.

मी देशभक्तीचाही प्रयोग करून पाहिला. म्हटलं, साडूभाऊ, २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार विकत घेतली. म्हणजे तिचं सासर आता मुंबई. ते म्हणाले, टाटांनी १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी करार करूनच ट्रक काढले होते. तो तीन टोकांचा तारा आपल्या घाटांत तेव्हापासून चढतोय. मी म्हटलं, बघा, ट्रकच्या नाकावर! तारा ओझी वाहत होता, शोकेसमध्ये नव्हता! यावर ताई, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाई, “आता जेवायला उठता का?” असं म्हणाल्या आणि सभा बरखास्त झाली.

जेवताना साडूभाऊंचा आठ वर्षांचा चिरंजीव माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, “काका, ती शोकेसमधली पळते का हो?”

“तुला माहीत नाही?”

“बाबा हात लावू देत नाहीत.”

“माझ्याकडे जॅग्वार आहे,” मी म्हणालो. “ती पळते.”

आता माझा हितसंबंध उघड करणं भाग आहे. बँकेचा तसा नियमच आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना वडिलांनी फोर्टातल्या फुटपाथवरून एक जुनी खेळण्यातली मोटार आणली होती. पत्र्याची, बोटभर, चॉकलेटी. वडील तिला ‘जाग्वार’ म्हणत. ती खरोखर जॅग्वारच होती की त्यांनी विक्रेत्यावर विश्वास ठेवला, ते आता सांगता येणार नाही. चाळीच्या लांबलचक गॅलरीत ती मी इतकी पळवली, की रंग सगळा उडाला. एक मागचं चाक गटारात गेलं, तेव्हा वडिलांनी ऑफिसच्या शर्टाचं बटण काढून, टाचणी वाकवून, त्या जागी बसवलं. दुसऱ्या दिवशी ते एक बटण कमी असलेला शर्ट घालून कामावर गेले. पंधरा टक्क्यांनी हिशेब केला तर आज तिची किंमत पैशातही मोजता येणार नाही. पण शून्य नाही. कधीच होणार नाही.

दिवाळीला फराळाच्या पिशवीतून मी ती पुण्याला नेली. पोरानं ती हातात घेतली, उलटी करून बटण बघितलं, आणि एक शब्द न बोलता दिवाणखान्याच्या टाइल्सवरून अशी सोडली, की ती थेट देवघराच्या उंबऱ्याला जाऊन आपटली. बटणाचं चाक लंगडत होतं, पण त्यामुळे तिला एक डौल आला होता. पोरगं ओरडलं, “काका, ही वळते पण!” साडूभाऊ सोफ्यावरून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काही बोलले नाहीत. निघताना मी गाडी पोराकडेच ठेवली. वाटेत बायको म्हणाली, “दिलीत? खरंच?” मी म्हटलं, “दिली नाही. चालवायला दिलीय.”

परवा रविवारी दुपारी साडूभाऊंचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. केला तर मार्केट पडलेलं असतं. मागे पोराचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि काहीतरी टाइल्सवरून खडखडत गेल्याचा आवाज.

“एक विचारायचं होतं,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “ते बटण. दोन भोकांचं लागतं, का चार?”

“चार भोकांचं घ्या,” मी म्हणालो. “शर्ट जुना असला तर उत्तम.”